‘मशीन हेड’ लावण्यापूर्वी

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात दुपारच्या श्रवणसत्राआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोलकढीच्या दोन दोन वाट्या झाल्यानंतर माणसाला बोलायला उभं करणं हा ऐकणाऱ्यांवर अन्याय असतो, हे मला ठाऊक आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पाश्चात्य संगीत’ असं छापलं आहे. ते वाचून दोघीतिघींनी आत्ताच पंख्याखालच्या खुर्च्या पकडल्या, तेही मी पाहिलं. झोप लागली तर बिनधास्त झोपा. पण सुमारे वीस मिनिटांनी मी एक तबकडी लावणार आहे आणि मग झोपता येणार नाही.

तबकडी डीप पर्पल या इंग्लिश बँडची आहे, नाव ‘मशीन हेड’, साल १९७२. ती माझी नाही. ती रोल नंबर एकतीसची आहे. तो तिकडे डाव्या खांबाजवळ बसला आहे आणि हे भाषण त्याच्या हातात कागदावर आहे. मी ते त्याला काल रात्रीच वाचायला दिलं आणि त्याने दोन ठिकाणी पेन्सिलीने फुल्या मारल्या. ती वाक्यं मी काढली आहेत. जे उरलं आहे ते त्याच्या संमतीने बोलतो आहे.

पाच वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात काही जण म्हणाले, जहाजावर चीफ इंजिनिअर झाला आणि शिष्ट झाला. हाक मारली तर वळून बघत नाही, फोन उचलत नाही, विचारलं एक तर उत्तर देतो भलतंच. मंडळी, पस्तीस वर्षं तो जहाजांच्या इंजिनरूममध्ये होता. तिथे मोठं इंजिन चालू असताना आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. सुरुवातीच्या काळात कानात कापसाचा बोळा हेच काय ते संरक्षण. अशा आवाजाने कान जातो तो एकदम जात नाही. आधी साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं कमी होतं, मग ते आजूबाजूला पसरतं. खालचे, भरीव आवाज बराच काळ शाबूत राहतात. म्हणून अशा माणसाला कोणी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय हे कळत नाही, कारण स, श, फ, त ही सगळी व्यंजनं वरच्या पट्टीतली. ‘सात’ म्हटलं की ‘आ’ ऐकू येतो. मागून, गर्दीत, तोंडावर हात ठेवून बोललात तर तेवढाही नाही. समोर बसून, सावकाश बोला. तो अजूनही तसाच वात्रट आहे, याची खात्री पटेल.

गेल्या वर्षी त्याने मला कुरिअरने ही तबकडी पाठवली. सोबत चिठ्ठी: ‘यातली झांज मला ऐकू येत नाही. तू आकाशवाणीत तांत्रिक विभागात आयुष्य घालवलंस, तुझ्याकडे नीट प्लेअर आहे. ठेव.’ मी तबकडी परत पाठवली नाही, पण ठेवूनही घेतली नाही. एसटी पकडून त्याच्याकडे गेलो, बरोबर टोन जनरेटर आणि स्पीकर नेला आणि त्याला नेमकं काय ऐकू येतं ते दोन दिवस बसून तपासलं. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी तबकडीबद्दल.

नववीत असताना, १९७४ च्या दिवाळीत त्याचे काका बोटीवरून सुट्टीवर आले. रत्नागिरीत तेव्हा घराआड एक माणूस बोटीवर असायचा, त्यामुळे परदेशी साबण, ब्लेडची पाकिटं, एखादा ट्रान्झिस्टर यांचं कोणाला अप्रूप नव्हतं. काकांनी इंग्लंडच्या बंदरातून ही तबकडी आणली होती, आणि ती वाजवायला घरी एचएमव्हीचा सूटकेससारखा उघडणारा फिएस्टा होता. खालच्या आळीतल्या त्या माडीवर आम्ही चौघं पहिल्यांदा ती ऐकायला बसलो तेव्हा खालून त्याच्या आजी ओरडल्या, की चक्कीचा पट्टा तुटला का बघा रे कोणीतरी. आजींचं निदान यंत्राच्या दिशेने होतं, म्हणजे तसं बरोबरच होतं.

मशीन हेड म्हणजे गिटारची खुंटी. सतारीची खुंटी लाकडाची, पिळून घट्ट बसवायची. गिटारच्या खुंटीत मळसूत्र आणि दातेरी चाक असतं. मळसूत्र चाकाला फिरवतं, चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही, म्हणून तार ताणली की ताणलेलीच राहते. हे मला एकतीसनेच समजावलं, पुढे मरीन इंजिनिअरिंगला गेल्यावर. मुखपृष्ठही तसंच आहे. चकचकीत धातूच्या पत्र्यावर बँडची पाचही माणसं आरशासारखी उमटली आहेत, पण चेहरे ताणलेले, वितळलेले. नाव पत्र्यात ठोकल्यासारखं.

ते पाच जण असे: गाणारा इयान गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेस गिटारवर रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवर डावखुरा इयान पेस. १९७१ च्या डिसेंबरात हे लोक स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी गेले. जिनिव्हा सरोवराच्या काठचं गाव. तिथल्या कॅसिनोत मोठं सभागृह होतं, आणि हिवाळ्यात ते बंद राहणार होतं. बँडला स्टुडिओच्या गादी लावलेल्या खोलीत नव्हे, तर रंगमंचावर वाजवतो तसं वाजवून ध्वनिमुद्रण करायचं होतं. त्यासाठी त्यांनी रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ भाड्याने आणला होता. आपल्याकडे ओबी व्हॅन असते तसा हा ट्रक, आत सगळी ध्वनिमुद्रणाची यंत्रं. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च.

कॅसिनो बंद होण्याआधी तिथे एकच कार्यक्रम उरला होता, ४ डिसेंबरला, अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाचा. तो ऐकायला डीप पर्पलची मंडळीही गेली. मध्येच श्रोत्यांतल्या कोणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन उडवली. जहाजावर संकटात इशारा द्यायला वापरतात तीच. छताला वेताचं काम होतं. झापाने लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगितलं. माँत्रोचा जाझ महोत्सव सुरू करणारे क्लोद नोब्स आत धावून पोरांना बाहेर काढत होते. कोणी दगावलं नाही. इमारत मात्र पूर्ण जळाली, झापाची सगळी वाद्यं जळाली. बिचाऱ्याचा महिनाच वाईट होता: सहा दिवसांनी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने त्याला रंगमंचावरून खाली ढकललं आणि तो पुढे कित्येक महिने जायबंदी होता.

हॉटेलच्या खिडकीतून बँडवाले बघत होते. समोर आग, आणि धूर वाऱ्याने सरोवराच्या पाण्यावर पसरत चाललेला. ट्रक दारात उभा, आणि जिथे वाजवायचं ती जागाच गेलेली. नोब्सने त्यांना पॅव्हिलियन नावाच्या थिएटरमध्ये जागा मिळवून दिली. तिथे रात्री त्यांनी एका गाण्याची नुसती चाल वाजवून घेतली. तोवर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले होते. पोलीस बाहेरून दार ठोठावताहेत, बँडचे मदतनीस आतून दार दाबून धरताहेत, आणि मुद्रण चालू. ते पूर्ण झाल्यावरच दार उघडलं.

मग सापडलं ग्रँड हॉटेल. हिवाळ्यामुळे बंद, थंडगार. त्याच्या एका बोळाच्या टोकाला त्यांनी वाद्यं मांडली आणि आवाज घुमू नये म्हणून हॉटेलच्याच गाद्या उभ्या केल्या. ट्रक बाहेर. वाजवलेलं कसं झालं ते ऐकायचं तर खोल्यांतून, गच्च्यांवरून, थंडीतून वळसा घालून ट्रकपाशी जावं लागे. दोनचारदा गेले, मग कंटाळले आणि ऐकणंच सोडून दिलं. वाजवायचं, बर्च म्हणाला ठीक, की पुढचं. मला वाटतं या तबकडीत जो ताजेपणा आहे तो या कंटाळ्याने आलेला आहे. आमच्या स्टुडिओत पाच पाच वेळा ऐकून ‘अजून एकदा घेऊ’ म्हणणारे कलाकार मी पाहिले आहेत. चौथ्या वेळेनंतर गाणं सुधारलेलं मला आठवत नाही.

६ ते २१ डिसेंबर. सोळा दिवसांत सात गाणी, साधारण साडेसदतीस मिनिटं. मार्च १९७२ मध्ये तबकडी बाहेर आली आणि इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली.

पॅव्हिलियनमध्ये पोलिसांच्या साक्षीने वाजवलेल्या त्या चालीला तेव्हा शब्द नव्हते. ग्लोव्हर एका सकाळी झोपेतून उठताना ‘स्मोक ऑन द वॉटर’ असं पुटपुटला. गिलनला आधी ते नशापाण्याचं गाणं वाटेल अशी शंका होती. मग त्यांनी आगीची सगळी हकिकत जशीच्या तशी त्यात घातली: झापा, फ्लेअर गन, नोब्स, ट्रक, थंड हॉटेल. बातमीसारखं गाणं. बँडचा भरवसा मात्र ‘नेव्हर बिफोर’वर होता, सिंगल म्हणून आधी तेच काढलं आणि त्याचं फारसं काही झालं नाही. ‘स्मोक’ अमेरिकेत वर्षभराने सिंगल म्हणून निघालं आणि चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. आज जगात कोणत्याही गिटारच्या दुकानात जा, नवशिका पोरगा पहिल्यांदा तेच वाजवतो.

आता आपल्या संगीताच्या बाई इथे पहिल्या रांगेत आहेत, म्हणून हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नववीत असताना एकतीस ही चाल वर्गात बाकावर ठोकत, गुणगुणत होता आणि बाई आत आल्या. आम्हाला वाटलं आता पट्टी. बाई म्हणाल्या, ‘परत म्हण.’ त्याने म्हटली. बाईंनी पेटी ओढली आणि दुसऱ्या फटक्यात वाजवली: सा, कोमल ग, म. सा, ग, तीव्र म आणि लगेच शुद्ध म. सा, ग, म. ग, सा. मग म्हणाल्या, ‘दोन्ही मध्यम लागोपाठ लावतोय, धीट आहे.’ आणि पाचव्या मिनिटाला भूपाचं लक्षणगीत सुरू. बाई, पन्नास वर्षांत या गाण्यावर मी बरंच वाचलं, पण एवढ्या कमी शब्दांत कोणी सांगितलेलं नाही. त्यात भर एवढीच: ब्लॅकमोर प्रत्येक स्वरासोबत त्याच्या खालचा, षड्ज-मध्यम भावातला स्वर एकाच वेळी छेडतो, आणि तोही पट्टीने नाही, दोन बोटांनी चिमटीत धरल्यासारखा. त्यामुळे दोन तारा एकाच क्षणी सुटतात. पट्टीने वाजवलं की त्या पुढेमागे होतात आणि चाल फाटते.

आता दोन दिवसांची तपासणी. एकतीसला दोन हजार हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी ऐकू येतं. त्याच्या वर उतार, आणि चार हजारला जवळजवळ काही नाही. मग आम्ही कागद घेऊन बसलो. या चालीतले दोन तारांचे मूळ स्वर १४७ पासून २७७ हर्ट्झपर्यंतच आहेत. म्हणजे चाल त्याच्या हद्दीत, पूर्ण. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झ, तीही हद्दीत. पण गिटारला जो करवतीसारखा दात आहे तो वरच्या स्वरांशांचा; तो बोथट झाला. गाणं सुरू होतं तेव्हा आधी नुसती गिटार येते, मग पेसची हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटायची जोडझांज. ती अख्खीच्या अख्खी त्याच्या हद्दीबाहेर. मी त्याला विचारलं, मग गिटार आणि पुढच्या ऑर्गनच्या मध्ये तुला काय ऐकू येतं? म्हणाला, ‘हाय-हॅटच. ती मला पाठ आहे.’

ऑर्गनबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण एकतीसचा जीव तिथे आहे. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन म्हणजे आत खरोखरचं यंत्र आहे. एक मोटर, तिने फिरणारी ९१ दातेरी चाकं, प्रत्येक चाकापुढे चुंबक आणि वेटोळं. दात जितक्या वेगाने समोरून जातात तेवढ्या कंपनांचा स्वर तयार होतो. मोटर वीजपुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलली की सगळा ऑर्गन बेसूर. इंजिनरूममध्ये आयुष्यभर जनरेटर ५० वर की ६० वर हे बघणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल! लॉर्ड शास्त्रीय संगीत शिकलेला, १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँड आणि वाद्यवृंद यांच्यासाठी त्याने स्वतःची कॉन्चेर्तो सादर केली होती. पण हॅमंडचा आवाज गोड ठेवायचा सोडून त्याने तो गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमध्ये घातला आणि फाडला. म्हणून ‘स्मोक’मध्ये ऑर्गन येतो तेव्हा आणखी एक गिटार आल्यासारखं वाटतं. ‘लेझी’ची सुरुवात ऐका. तिथे तो एकटाच आहे, आणि ती चाकं घरघरताना कळतात. लॉर्ड २०१२ मध्ये गेला.

पहिल्या बाजूचं पहिलं गाणं ‘हायवे स्टार’. १९७१ मध्ये पोर्ट्समथला कार्यक्रमासाठी जाताना बसमध्ये एका पत्रकाराने विचारलं, तुम्ही गाणी कशी करता? ब्लॅकमोरने गिटार घेतली, एकच स्वर ठोकत सुटला, ‘अशी’ म्हणाला, गिलनने वर शब्द रचले, आणि त्याच रात्री ते वाजवलं. यातले ऑर्गनचे आणि गिटारचे एकल तुकडे बाखच्या वळणाने जातात. पायऱ्या उतरत उतरत, एकही पायरी न चुकवता. ‘पिक्चर्स ऑफ होम’मध्ये ग्लोव्हरचा छोटासा बेस सोलो आहे, तो एकतीसला तुमच्याआमच्यापेक्षा चांगला ऐकू येतो, असं मी मोजून सांगू शकतो. बाकी दोन गाण्यांबद्दल मला विशेष काही म्हणायचं नाही.

याच डीप पर्पलचा १९७२ मध्ये रेनबो थिएटरमध्ये ११७ डेसिबल आवाज मोजला गेला आणि गिनेसच्या पुस्तकात जगातला सर्वात कर्कश बँड म्हणून त्यांचं नाव लागलं. तीन श्रोते बेशुद्ध पडले म्हणतात. हे वाचल्यावर एकतीसची बायको मला म्हणाली, ‘म्हणजे इंजिनरूमला उगाच दोष देतो हा.’ वहिनी, फिएस्टातून तेवढा आवाज निघणं शक्य नव्हतं. मी लेखी देतो.

कोणीतरी सकाळी विचारत होतं, ही तबकडी विकली तर प्रयोगशाळेच्या निधीला किती मिळतील. पर्पल रेकॉर्ड्सचं लेबल आहे, क्रमांक टीपीएसए ७५०४, म्हणजे इंग्लंडची छपाई. पण पुठ्ठ्यावर पावसाळ्याचे डाग आहेत आणि दुसऱ्या बाजूला ‘लेझी’त एक ओरखडा आहे. १९७५ मध्ये काकांच्या बोक्याने चालू तबकडीवर उडी मारली त्याचा. तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस आणि थोडे जास्त फेरे घेते, म्हणून तो टिक दर १.८ सेकंदांनी येतो. घड्याळ लावून बघा. शौकीन लोक असल्या तबकडीला काही देत नाहीत. तेव्हा प्रयोगशाळेसाठी आपापले चेक काढा.

आज आपण फक्त दुसरी बाजू ऐकणार आहोत: ‘स्मोक ऑन द वॉटर’, ‘लेझी’, ‘स्पेस ट्रकिन’. साडेसतरा मिनिटं. शेवटचं गाणं तबकडीच्या आतल्या भागात आहे. तिथे फेरा लहान, सुईखालून खाच बऱ्याच कमी वेगाने सरकते, म्हणून वरचे आवाज थोडे मळकट होतात. तुम्हाला तो फरक जाणवेल. एकतीसला नाही जाणवणार, आणि हे त्याला सांगितल्यावर तो मनापासून हसला होता.

तबकडी कोणाकडे राहायची हे आमचं अजून ठरलेलं नाही. तो म्हणतो माझ्याकडे, मी म्हणतो तुझ्याकडे. काल रात्री कोकम सरबतावर पुन्हा तोच वाद झाला आणि वहिनी झोपायला निघून गेल्या.

आता कृपया दोन्ही पंखे बंद करा, उकडेल थोडं. मोबाईल बंद. डावा स्पीकर मी मुद्दाम टेबलावर न ठेवता जमिनीवर ठेवला आहे. एकतीस, अरे, खुर्ची पुढे घे आणि हात खोक्यावर ठेव. सुई टेकवतोय.